देवरावकाका आणि बारावं मेंढरू

देवरावकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार केला नाही, मोजलं. मी मिशनच्या शाळेच्या गेटातून आत शिरत होते, एका हातात वही आणि दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली. गेटाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून एक वाळकुडा उंच म्हातारा उठला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "सात."

"काय सात?"

"बाहेरचे मोठे मानसं. सकाळपासून सहा गेले, तुमी सातव्या. पाच बाहेर आले. एक सिस्टरपाशी बसून हाये, एक तुमी. हिशेब बरोबर. आता नाव सांगा अन् इथंच थांबा."

मी म्हटलं, मला सिस्टरांनीच बोलावलंय. तर म्हणाले, "बोलावलं असन. पन मले नाई सांगितलं." आणि त्यांनी मला अकरा मिनिटं उन्हात उभं ठेवलं. अकरा हा अंदाज नाही. मी घड्याळ पाहत होते, कारण त्या दिवशीच्या माझ्या यादीत शाळेसाठी एकूण वीसच मिनिटं धरलेली होती.

आमचं वणीत औषधांचं दुकान आहे. माल, तारखा, संपत आलेल्या वस्तू, सगळं यादीत. घरीही तसंच. आमचे हे म्हणतात की लग्नात सप्तपदीची पावलंसुद्धा मी मनात टिक करत चालले होते. माझी मुलगी याच शाळेत शिकली आणि पुढे नागपूरला गेली. ती गेल्यावर सिस्टर अॅग्नेस यांनी मला पकडलं. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मूळच्या केरळच्या, पण वीस वर्षांत त्यांचं मराठी इतकं वऱ्हाडी झालंय की रागावल्या की थेट "काहून?" विचारतात. मुलांच्या सुरक्षेचं काम नीट लावायचं होतं. कोणतं मूल कोण सोडतं, कोण नेतं, कुणाचा फोन, कुणाचा फोटो. पगार नाही, चहा मिळेल. मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्याच्या गोंधळाची यादी करायला मिळणं ही माझ्यासाठी सुट्टीच असते.

देवराव टेकाम त्या शाळेचे कुणीच नव्हते. ना ख्रिस्ती, ना शिक्षक, ना पालक. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी कोळशाच्या भुयारी खाणीत दिव्यांच्या खोलीत काढली होती. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा द्यायचा, त्याचा पितळी बिल्ला घ्यायचा आणि फळीवरच्या त्याच्या खिळ्याला अडकवायचा. माणूस वर आला की दिवा परत, बिल्ला परत. पाळी सुटल्यावर फळीवर एक जरी बिल्ला लटकत असला तरी कुणी घरी जायचं नाही. खाली माणूस आहे.

निवृत्त झाल्यावर शाळेसमोरच्या घरात ते ओसरीवर बसू लागले. संध्याकाळी शाळा सुटायची, मुलं दाणे सांडावेत तशी रस्त्यावर सांडायची आणि मधून कोळशाचे ट्रक जायचे. आठ दिवस त्यांनी पाहिलं. नवव्या दिवशी सिस्टरांच्या खोलीत जाऊन विचारलं, "तुमचे लेकरं किती येतात, किती जातात, कोनी मोजते का?" सिस्टर म्हणाल्या, हजेरी असते की. "ते येन्याची झाली. जान्याची कुठं हाये?"

दुसऱ्या दिवसापासून काका गेटावर होते.

मी माझ्या याद्या घेऊन आले तेव्हा त्यांनी आपली पद्धत बसवून दोन महिने झाले होते. लहान वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात पत्र्याचा एक बिल्ला, त्यावर नंबर. घ्यायला आलेल्या माणसानं नंबर सांगायचा, बिल्ला फळीवर जायचा, मग मूल हातात मिळायचं. मी म्हटलं, काका, आता नेणाऱ्यांच्या फोटोंची वही करते, ती जास्त पक्की. ते म्हणाले, "करा ना. दोन्ही ठेवू. तुमची वही मोठ्या मानसाले वयखते, माहा बिल्ला लेकराले."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घ्यायला हवं होतं. नाही लिहिलं.

पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणण्याचा नियम मी आणला तेव्हा शिक्षक कुरकुरले. काका मात्र पहिल्या दिवशी ठाण्यात गेले, दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी हवालदारानं हात जोडले. "तुमाले कोन नाई वयखत काका, कायले येऊन राह्यले?" तर म्हणाले, "वयखता म्हनूनच आलो. माह्या तोंडाकडं पाहून लेकरं देऊ नका कोनी. कागद द्या." दाखला मिळाल्यावर त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुर्चीच्या पाठीला बांधला आणि येणाऱ्याजाणाऱ्या पालकांना वाचायला लावला.

मग त्यांनी खेळाच्या सामानाच्या खोलीचं दार काढलं. बिजागऱ्यांसकट. ती खोली मागच्या बाजूला होती, तिथं कुणी मोठा माणूस एखाद्या मुलाबरोबर एकटा असू नये असा नियम मी फलकावर लावला होता. काकांनी नियम वाचला आणि पाना आणला. पीटीचे पवार सर ओरडले, "काका, दार कुठंय? बॅटी चोरीला जातील!" काका म्हणाले, "जाऊ द्या. बॅटी बजारात भेटतात."

एकदा तर चर्चच्या कामानं बाहेरून आलेल्या एका वयस्कर फादरांना त्यांनी गेटाबाहेर रोखलं. पांढरा झगा, गळ्यात क्रूस, गाडीत ड्रायव्हर. काका म्हणाले, "कपडे कोनीबी शिवते. नाव सांगा." सिस्टर पळत आल्या, चपला हातात घेऊन. फादर मात्र खूश. जाताना त्यांनी काकांना स्वतःहून विचारलं, "मी बाहेर गेलो, मोजलं ना?"

अशी दोन वर्षं गेली. आता मुख्य गोष्ट सांगते, जिच्यात चूक माझी आहे.

नाताळचा कार्यक्रम होता. दुपारी अडीचला सुरू, पाचला समाप्त, मिनिटांसकट कार्यक्रमपत्रिका माझी. येशूजन्माच्या नाटिकेत केजीची बारा मुलं मेंढरं होणार होती. कापसाला आमच्याकडे काय तोटा? एका पालकानं पोतं भरून आणला आणि आम्ही चार बायांनी बारा पोशाख चिकटवले. अंगभर कापूस, पायात पांढरे मोजे, डोक्यावर कान असलेला टोप आणि चेहऱ्यावर मुखवटा. सगळी मेंढरं इतकी सारखी आणि इतकी गोंडस झाली की सिस्टरांना शिंका येत होत्या तरी त्या प्रत्येकाला मिठी मारत होत्या.

मेंढपाळ कोण? उंच, वाळकुडा, हातात काठी शोभेल असा एकच माणूस होता. काकांनी आधी नकार दिला, "गेटावर कोन?" मी म्हटलं, पवार सर, माझ्या वहीसकट. खोटी दाढी लावून पाहिल्यावर मात्र काका आरशापुढून हलेनात.

आणि मग फोटोची वेळ आली. पांढऱ्या कापसावर पत्र्याचे बिल्ले फारच वाईट दिसत होते. फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, चमकतात. मी म्हटलं, काढा. बारा बिल्ले काढले, मोजले, बरोबर बारा, डब्यात ठेवले, डब्यावर चिठ्ठी लावली. काका तेव्हा दाढी चिकटवत होते. त्यांना मी विचारलं नाही.

पहिला नाच झाला. मेंढरं उड्या मारून आत गेली आणि पुढच्या प्रवेशाची वाट पाहत बाजूच्या व्हरांड्यात बसली. दोन चटईवरच आडवी झाली. त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या ताई देवदूताचा तुटलेला पंख बांधायला धावल्या. चार मिनिटं, फार तर पाच.

पडदा उघडला. रात्रीचं रान, लाल कागदाची शेकोटी, अंगावर घोंगडी घेतलेले काका आणि भोवती लोळणारी मेंढरं. देवदूत झालेली नववीतली मुलगी स्टुलावर चढली, हात पसरले आणि तोंड उघडणार, एवढ्यात मेंढपाळ उठून बसला.

"थांब वं माय. एक मेंढरू कमी हाये."

लोक खदखदून हसले. पुढच्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यामागून सिस्टर कुजबुजल्या, "काका, डायलॉग!"

"डायलॉग राहू द्या, सिस्टर. अकरा हायेत." त्यांनी काठीच्या टोकानं पुन्हा मोजली. प्रत्येक मेंढरू काठी लागताच खुदखुदत होतं. "अकराच. पवार सर, गेट लावा! कोनी बाहेर जानार नाई!"

मंडप हसून कोसळला. मी पडद्याच्या कडेला यादी घेऊन उभी होते आणि मलाही हसू येत होतं. मग काकांनी एका झटक्यात दाढी ओढून काढली. कातडीसकट निघाली असावी. तो चेहरा पाहिला आणि हसणं एकेका रांगेतून विझत गेलं.

"मॅडम," ते मला म्हणाले, "बिल्ले कुठं हायेत याइचे?"

मी डब्याकडे बोट केलं. रंगमंचावर गेले आणि मुखवटे काढायला लागले. अकरा घामेजलेली तोंडं निघाली. यादी वाचली. अकरा 'हजर' आले. नाव राहिलं ते आरुषी आत्रामचं. तिला सगळे चिमी म्हणत, वय पाच. तिची आई सुनीताताई तिसऱ्या रांगेत होती. मघाशी सगळ्यात मोठ्यानं तीच हसली होती. आता ती उभी होती आणि तिच्या मांडीवरची पर्स खाली पडली होती, ते तिला कळलंही नव्हतं.

काकांनी घोंगडी टाकली, रंगमंचावरच उकिडवे बसले आणि मेंढरांना विचारलं, अगदी सावकाश, "पोट्टेहो, चिमी कुठं गेली? कोनी पाह्यलं का?"

मग गौरी नावाच्या एका मेंढरानं बोट वर केलं. "माहे आबाजी आलते."

"कायले आलते?"

"मले न्यायले."

"मंग तुले नेलं काहून नाई?"

गौरी वैतागली. मोठ्या माणसांना इतकी सोपी गोष्ट कळू नये! "नेलं ना. म्या सोता पाह्यलं. आबाजीनं मले उचललं अन् मले घिऊन गेले."

मंडपात कुणी हसलं नाही. गौरीच्या आबाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन आठवड्यापूर्वी झालं होतं, हिरवा चष्मा होता. नाच झाला म्हणजे नातीचं काम झालं, असं समजून ते व्हरांड्यात आले आणि झोपलेलं एक मेंढरू खांद्यावर टाकून निघाले. गेटावर पवार सरांनी माझी वही उघडली होती. फोटो आबाजींचाच, सही आबाजींचीच. वहीपुरतं सगळं नियमानं झालं होतं; बिल्ला पाहायला मात्र उरलाच नव्हता.

पवार सर म्हणाले, ते त्यांच्या शेजाऱ्याच्या, मंगेशच्या मोटरसायकलवर गेले. रस्ता ट्रकांचा. मागे डोळ्यांनी नीट न दिसणारा म्हातारा, त्याच्या मांडीवर झोपलेलं लेकरू, आणि लेकराच्या अंगाला चाकात जाईल असा लोंबता कापूस. मंगेशचा फोन मी चार वेळा लावला. गाडी चालवताना तो उचलत नाही. चांगली सवय आहे, पण त्या दिवशी मी त्याला शिव्या दिल्या.

काकांनी वेगळाच फोन लावला. आबाजींच्या गावाकडे वळायच्या फाट्यावर रफीकची चहाची टपरी आहे.

"रफीक, देवराव बोलून राह्यलो. रोडवर उभा राह्य. गाडीवर मागं म्हातारा, मांडीवर मेंढरू. थांबव."

पलीकडून रफीकचा आवाज सगळ्या मंडपाला ऐकू गेला. "काका, आज बजार हाये! हर गाडी पे बकरी जाऊन राह्यली!"

"ह्या मेंढराले दोन पाय हायेत. पांढरे मोजे घालून हाये."

"...काका, तब्येत बरी हाये ना?"

"सगळ्याच थांबव मग!"

मी स्कूटर काढली. मागे काका बसले, मेंढपाळाच्या वेषात, काठी आडवी धरून. सुनीताताई पवार सरांच्या गाडीवर. गेट सोडताना काकांनी सिस्टरांना बजावलं, "गेट उघडू नका." आणि रस्त्याला लागल्यावर माझ्या कानात ओरडले, "मॅडम, हळू चालवा! एक लेकरू आनायले दोन म्हातारे कायले घालवता?"

"मी अठ्ठेचाळीसची आहे, काका!"

"मंग दीड म्हातारे!"

मी रडत होते आणि हसतही होते. समोरून येणारे ट्रकवाले काकांना पाहून हॉर्न देत होते.

फाट्यावर पाहावं तर रस्ता बंद. रफीकनं बाकडं आडवं टाकलं होतं. पाच मोटरसायकली, चार बकऱ्या आणि भांडणारे चार मालक. "मेरी बकरी में क्या खराबी है?" एक जण विचारत होता. आणि टपरीच्या कट्ट्यावर, कापसाच्या ढिगात बसून, चिमी भजं खात होती.

आबाजी चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून तिच्याकडे पाहत होते. "म्या म्हनलं आपलीच हाये. गाडीवर उठली अन् म्हने, मी गौरी नाई. म्या म्हनलं, हो माय, तू मेंढरू हायेस. मले वाटलं, नाटकच करून राह्यली."

काका तिच्यापुढे बसले. "चिमे, आबाजीले सांगितलं होतं?"

"तीनदा सांगितलं," चिमी तोंडात भजं ठेवून म्हणाली. तिला रडू आलं नव्हतं. राग आला होता.

काकांनी तिचा घसरलेला मोजा वर ओढून दिला. तेवढ्यात सुनीताताई पोचली. तिनं आधी लेकीला छातीशी धरलं, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा धरलं. कापूस सगळीकडे उडाला. आबाजी रडायला लागले तेव्हा तिनंच त्यांना पाणी दिलं.

आम्ही परत आलो तेव्हा मंडप जसाच्या तसा भरलेला होता. सिस्टर स्वतः गेटाला पाठ लावून उभ्या होत्या. कार्यक्रमपत्रिका पन्नास मिनिटं मागे पडली होती आणि मी ती पिशवीत कोंबली. नाटिका जिथं थांबली होती तिथून सुरू झाली. मुखवटे नाहीत, दाढी नाही. काका शेकोटीजवळ बसले आणि मोठ्यानं मोजायला लागले. "एक, दोन, तीन..." चारपासून पुढची रांग त्यांच्याबरोबर, सातपासून अख्खा मंडप. "बारा!" म्हणताना टिनाचं छप्पर हाललं. मग काकांनी स्टुलाकडे वर पाहिलं. "हं. सांग आता तुही बातमी."

नाटिकेनंतर, पाहुणे म्हणून आलेले तेच वयस्कर फादर त्यांच्याजवळ आले आणि म्हणाले, "काका, हरवलेल्या मेंढराची गोष्ट मी किती रविवार सांगत आलोय. तुम्ही ती कधी ऐकली होती?" काकांनी ऐकली नव्हती. फादरांनी थोडक्यात सांगितली: शंभरातलं एक मेंढरू हरवलं म्हणून नव्व्याण्णव मागे ठेवून ते शोधायला गेलेला मेंढपाळ. काकांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सापडल्यावर बाकीचे नव्व्याण्णव पुन्हा मोजले का त्यानं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला एक कोरी वही दिली. खाणीत अपघात होता होता टळला तरी तो लिहून ठेवायचा, अशी रीत होती. मी चांगलं सविस्तर लिहिलं. मुखवटे, पंख, गर्दी, झोपलेली मुलं, डोळ्याचं ऑपरेशन, पवार सर, मंगेशचा फोन. सात कारणं, क्रमानं. काकांनी चष्मा लावून सातही वाचली.

"सारे खरे हायेत," ते म्हणाले. "तुमचं कोनतं?"

मी वही परत घेतली. सगळ्यात वर जागा नव्हती, म्हणून समासात लिहिलं: बिल्ले मी काढले, फोटोसाठी, देवरावकाकांना न विचारता. खाली सही केली. काका म्हणाले, "आता हे सुनीताबाईले वाचून दाखवा. मी येत नाई. तुमचं तुमी जा."

औषधाच्या दुकानात तीस वर्षं उभी राहिलेली बाई मी, कुणासमोर वाचताना अडखळत नाही. तिच्या दारात समासातली ओळ मला दोनदा वाचावी लागली. सुनीताताईनं शेवटपर्यंत ऐकलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "उद्या गेटावर कोन हाये?"

"काका."

"अन् तुमी?"

"मी पण."

"मंग पाठवते," ती म्हणाली.

तेव्हापासून गेटावर एक नवी गोष्ट सुरू झाली. बिल्ला आणि वही नंतर. आधी मुलाला विचारायचं, तुझं नाव काय, आणि तू कुणाबरोबर चाललास? मूल बोलेपर्यंत मोठ्यांनी गप्प बसायचं. रांग लांबते, पालक वैतागतात, एकदा एका तहसीलदारांना त्यांच्याच मुलानं मजेत "मी यांना ओळखत नाही" सांगितलं आणि ते वीस मिनिटं आमचा चहा पीत बसले.

या वर्षी काकांच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि मुलगी त्यांना चंद्रपूरला न्यायला आली. शाळेनं निरोपसमारंभ ठरवला, दुपारी सभागृहात. काका म्हणाले, सभागृहातून गेट दिसत नाही. मग शाळा सुटायच्या वेळी गेटावरच ठरवला. मी भाषण लिहिलं होतं, सहा मुद्दे. पण शाळा सुटली होती आणि लेकरं जात होती, त्यामुळे काका वळेचनात. मी त्यांच्या पाठीला भाषण केलं. सिस्टर त्यांच्या पाठीशी बोलल्या, रडल्याही त्यांच्या पाठीशीच. शाल सुनीताताईनं मागून खांद्यावर टाकली. काका रस्त्याकडे पाहत म्हणाले, "हो हो, गरम हाये, चांगली हाये," आणि हात वर करून त्यांनी एक ट्रक थांबवला.